सातवी ओळ

लेकीचे, मुंगीचे केस विंचरता विंचरता तिने डब्यात हात घातला आणि हाताला एकच क्लिप लागली. लाल, पाठीवर काळे ठिपके असलेली, किड्याच्या आकाराची, नखाएवढी. जोडीतली दुसरी नव्हती. मुंगीचे केस बारीक आणि मऊ, मानेशी गुंतायचे. गुंता सोडवताना ती रडायला लागली की आई म्हणायची, "झालं, झालं, झालंच हं," आणि असं म्हणताना निम्मं डोकं अजून बाकी असायचं. आजही तेच चाललं होतं. सहज म्हणून तिने विचारलं, दुसरी क्लिप कुठे हरवलीस गं. चार वर्षांच्या मुंगीने आरशातून आईकडे असं बघितलं, की हा काय विचारायचा प्रश्न झाला. "तुला दिली ना. तू घाबरतेस म्हणून. तुझ्या बाहीला लावली." कधी, तर काल. मुंगीच्या लेखी जे जे होऊन गेलं ते सगळं काल होतं. काल ती जन्मली होती, काल तिला बूट घेतले होते, काल बाबांनी दाढी काढली होती. "मला ताप आला होता ना, तेव्हाचं काल," मुंगीने खुलासा केला आणि पुढे झुकून आरशावर वाफ सोडली.

कंगवा केसांतच राहिला. मुंगीला या वर्षात ताप आला होता तो एकदाच, नऊ आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी. आणि त्या मंगळवारी ती कामावर, हॉलमध्ये तिसरी छत्री बांधत होती. बाहेरचे लोक पॅराशूट म्हणतात, हॉलमध्ये सगळे छत्रीच म्हणत. चाळीस मीटर लांबीच्या टेबलावर ते नारिंगी-पांढरं कापड पसरायचं, चुणीवर चुणी घालत दुमडायचं, दर थर यंत्राखाली दाबायचा. चार दिवसांनी खोलीभर कापडाचं प्रवासी बॅगेएवढं गाठोडं व्हायचं, लाकडासारखं टणक, बोटाने ठोकलं तर वाजणारं. अशी तीन गाठोडी अवकाशात जाणाऱ्या कुपीच्या डोक्यावर बसवत. कुपीत चार माणसं. ती सैनिक नव्हेत की वैमानिक नव्हेत, तुमच्याआमच्यासारखी, कुणी पैसे भरून, कुणी सोडतीत नंबर लागून वर जाणारी. तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून ती खाली यायची तेव्हा शेवटची काही मिनिटं त्यांचं सगळं त्या कापडावर असायचं. गाठोडी केव्हाच कुपीवर चढली होती, झाकण लागलं होतं, आणि उड्डाण अकरा दिवसांवर आलं होतं. "आई, ओढतंय," मुंगी म्हणाली. "झालं, झालं," ती म्हणाली, आणि तोंडातून निघालेला तो शब्द तिला पहिल्यांदाच ऐकू आला.

मुंगीला पाळणाघरात सोडून ती बसमध्ये बसली ती खिडकीकडे तोंड करून, कुणी ओळखीचं बोलायला येऊ नये म्हणून. नखाएवढी क्लिप. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना एक चित्रफीत दाखवली होती. घडीत शर्टाचं एक बटण राहून गेलेलं, छत्री उघडते, कापड सुसाट सुटतं, त्या वेगात बटण घासून कापडावर एक भाजलेली रेघ उमटते आणि रेघेवरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत जातं. बटण नंतर सापडलं म्हणे, अखंड, त्याच्या चार भोकांतला दोराही शाबूत. ती चित्रफीत बघून बाकीच्या मुली जेवायला गेल्या होत्या, ती नळाखाली मनगटं धरून उभी राहिली होती. भीती हा तिचा जुना सोबती. गॅस बंद केला का हे बघायला ती दोन मजले पुन्हा चढायची, कुलूप ओढून बघायची, खाली उतरायची, आणि ओढताना ते निघालं तर नाही ना म्हणून पुन्हा चढायची. मुंगी तान्ही असताना तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची, आणि श्वास लागला की तो आपल्याच बोटाचा भास तर नसेल असं वाटून दुसरं बोट धरायची. गॅस नेहमी बंदच असायचा. कुलूप लागलेलंच असायचं. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता, चांगल्या मनाचा होता, चिडायचा नाही. पण तो म्हणायचा, तू साप साप म्हणून भुई धोपटतेस, खरा साप निघेल तेव्हा कुणी उठणार नाही. घरात ज्याला आजार म्हणत त्यालाच हॉलमध्ये गुण म्हणत. तिची निवड झाली तीच या जोरावर. मुलाखतीला आत शिरल्यावर तिने मागे वळून दार नीट लागलंय का ते बघितलं होतं, आणि विभागप्रमुखांनी तिथेच तिच्या नावापुढे खूण केली होती. आता एका आयुष्यात हजारदा खोटी ठरलेली घंटा पुन्हा वाजत होती, आणि ही हजारएकावी आहे की पहिली, हे कळायला तिच्याजवळ दुसरा कान नव्हता.

आणि तरी एक गोष्ट होती. ती क्लिपची नव्हती, म्हणून तिच्याकडे ती वळत नव्हती. जिभेने दुखरा दात टाळावा तशी ती तिला नऊ आठवडे टाळत आली होती. हॉलमध्ये काम जोडीने चालायचं. तिची जोडी ताईंशी होती. ताईंना सगळे ताईच म्हणत, विभागप्रमुखसुद्धा, तीस वर्षांत कागदावर एक खाडाखोड नसलेल्या बाई त्या. ताई कागदावरची ओळ मोठ्याने वाचायच्या, ती ते काम करायची आणि म्हणायची, "झालं." ताई खूण करायच्या, पुढची ओळ. एका छत्रीला अशा चारशे बारा ओळी. दिवसाअखेर जीभच ते म्हणायची, हातांशी तिचं देणंघेणं उरायचं नाही. पहिल्या ओळी दारातच असत, अंगठी काढली, घड्याळ काढलं, झगा चढवला, टोपीखाली केस घेतले. सातवी ओळ होती: चिकट रूळ अंगावरून फिरवला. हातभर दांड्याचा तो रूळ दाराशी खुंटीला असायचा, कपड्यावरचा धागा, केस, कण, सगळं उचलणारा. त्या मंगळवारी दाराशीच पाळणाघराचा फोन आला होता. ताप चढतोय, न्यायला या. नवऱ्याला कळवून ती आत शिरली खरी, पण शिरली ती तिची कुडी. ताई वाचत होत्या, ती झालं म्हणत होती. सहा, झालं. सात, झालं. आठ. संध्याकाळी बाहेर पडताना तिची नजर खुंटीवर गेली होती. रुळाचा वरचा कागद कोराकरकरीत, चकाकणारा. पाल तेव्हाच चुकचुकली होती. ताईंनी वापरलेला कागद फाडून टाकला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं आणि पळत बस पकडली होती. घरी मुंगी तापलेल्या अंगाने झोपली होती, आणि त्या झोपेपुढे रूळबीळ कुणाला आठवतो.

दुपारी कॅन्टीनमध्ये तिने ताईंच्या समोरची खुर्ची ओढली. ताई डबा उघडून बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. तिने सांगितलं, आवाज न चढवता, क्लिप, बाही, सातवी ओळ. तिच्या झग्याची बाही आतल्या सदऱ्याहून दोन बोटं आखूड होती, हेही सांगितलं. ताई जेवत राहिल्या. घास संपवून त्यांनी विचारलं की रूळ फिरवला नाहीस हे आठवतंय, की फिरवल्याचं आठवत नाही? दोन्हींत फरक आहे. तिने कोऱ्या कागदाचं सांगितलं. मी कागद फाडला नव्हता, ताई म्हणाल्या. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या दिवशी द्यायच्या भाषणाची त्या सहा महिन्यांपासून थट्टा करत होत्या, की पहिली ओळ वाचीन, झालं म्हणीन आणि खाली बसेन. डब्याचं झाकण लावताना त्या म्हणाल्या, "तू सांगेपर्यंत हे मला माहीत नव्हतं. आता आहे. एवढं केलंस तू माझं." रागाने नाही, एखाद्या मोजमापाचा आकडा सांगावा तशा. उठताना म्हणाल्या की उद्या सकाळपर्यंत थांबते, तोवर घर शोध. विभागप्रमुखांकडे तू नाही गेलीस तर मी जाईन, पण मी गेले तर ते तुझ्याविरुद्ध जाणं होईल.

संध्याकाळी त्यांनी घर शोधलं. नवऱ्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही, सोफा उलटा केला, फ्रिज सरकवला, केर ओढायच्या यंत्राची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करून दोघंही धुळीत बोटं फिरवत बसले. मुंगीला वाटलं हा खेळ आहे. ती मधूनच एखादी वस्तू आणून द्यायची, चमचा, सेल, पझलमधला निळ्या आभाळाचा तुकडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा असेल, नवरा म्हणाला, तुझ्याच पर्समध्ये असेल बघ. पर्स तिने तीनदा झटकली होती. त्या दिवशीचा सदरा तेव्हापासून नऊदा धुऊन झाला होता. फ्रिजमागे मुंगीचा तान्हेपणचा एक मोजा सापडला आणि तो हातात धरून ती जमिनीवरच बसली. नवराही शेजारी बसला, पाठ फ्रिजला लावून. तो समजावत होता, एकेक मुद्दा औषधाच्या गोळीसारखा पुढे ठेवत. छत्र्या तीन आहेत, दोन उघडल्या तरी कुपी नीट उतरते, हे तूच मला सांगितलंस. गाठोड्याचं वजन झालं, फोटोही निघाला. क्ष-किरणांच्या त्या फोटोत इतकी लोखंडी कडी दिसतात की क्लिप त्यांच्यात लपेल, ती म्हणाली. लपेल, पण असेलच कशावरून? असं त्याने विचारलं. मग म्हणाला, "गॅस बंदच होता ना? दर वेळी? मग हेही तसंच समज. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

हात दाखवला होता, खराच. हॉलची ती रीतच होती. उड्डाणाच्या महिनाभर आधी चौघा प्रवाशांना आणायचं आणि छत्री बांधणाऱ्यांशी त्यांची भेट घडवायची, हातमोजे काढून हात मिळवायचा. ज्या हातांवर उतरायचं ते बघून तरी घ्या, असा त्यामागचा भाव. त्यांतल्या एक बाई सोडतीत निवडलेल्या होत्या, एकतीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेल्या, खांदे रुंद, एक डोळा किंचित बारीक करून बघायची सवय. बाकीचे तिघे कापडाबद्दल, वेगाबद्दल विचारत होते. बसवाल्या बाईंनी तिचा हात हातात ठेवूनच सांगितलं, की डेपोतला माणूस रोज म्हणायचा, चाकं तपासली, आणि मी रोज चारही चाकांना लाथ मारूनच वर चढायचे. त्याचा अपमान म्हणून नव्हे. मागे पन्नास माणसं बसतात, त्यांतल्या एकालाही लाथ मारायची सोय नसते. "आता इथे मी मागच्या सीटवर. तुमच्या छत्रीला कुठे लाथ मारू? म्हणून तुमचं तोंड बघून घेते." आणि त्यांनी ते खरंच बघितलं, सावकाश, टायर बघावा तसं. भीती नाही वाटत का, असं तिने विचारलं होतं, तेही धीर करून. वाटते की, बाई म्हणाल्या, घाटात रोज वाटायची. पण घाबरणारी बाई बस चालवतेय म्हटल्यावर मला स्वतःला बरं वाटायचं. सगळे हसले होते. तीही हसली होती. त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढून एक कोराकरकरीत कागद सर्रकन गेला होता, आणि तरी ती हसली होती. बाईंनी बघून घेतलेलं तोंड ते होतं.

सकाळी लिफ्टमध्ये ती एकटी होती. दार मिटलं, खाली जायचा धक्का बसला आणि ती सहा वर्षांची झाली. आजोळच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत आई, ती आणि एक अनोळखी म्हातारे गृहस्थ. दिवा गेला होता. गृहस्थांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, झालं, झालं, आता येईल, झालंच. बाहेरून कुणीतरी ओरडून विचारलं, आत सगळे ठीक ना, आणि आईने लगेच उत्तर दिलं, हो हो, ठीक आहोत, सावकाश होऊ द्या. आईला वाटलं असेल, पोरगी घाबरू नये. बाहेरचे सावकाश झाले. म्हाताऱ्यांचा हात अंधारात भिंतीवरून खाली घसरत गेल्याचा आवाज तिला अजून येतो, कोरड्या पानासारखा. चाळीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा त्यांना उचलून न्यावं लागलं. ते वाचले, पुढे पेढीवर बसलेलेही दिसायचे, त्यामुळे घरात त्या गोष्टीची हकीकत झाली, हसत सांगायची. पण सहा वर्षांच्या तिला कळलं होतं की शिट्टी बारीक होत चालली आहे, आणि ती बोलली नव्हती, कारण आईने ठीक आहोत म्हटलं होतं आणि आईला खोटं पाडणं तिला त्या अंधाराहून भीतीचं वाटलं होतं. पुढची सगळी कुलपं आणि गॅस बहुधा त्या शिट्टीची परतफेड होती. चुकीच्या दारी, रोज, थोडी थोडी. लिफ्ट तळाला पोचली. दार उघडलं. ती लगेच बाहेर पडली नाही. वर जायला एक शेजारी थांबले होते. त्यांनी विचारलं, काही विसरलात का, आणि ती म्हणाली, नाही, आठवलं.

विभागप्रमुखांना हॉलमध्ये मागून फूटपट्टी म्हणत, कारण ते उंच, सरळ होते आणि बोलताना समोरच्या वस्तूंमधलं अंतर पेन्सिलीने सारखं करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दारात ताई उभ्या होत्या, आत आल्या नव्हत्या. पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवून ते म्हणाले की गाठोडं उतरवायचं म्हणजे कुपी उघडायची, ही तारीख गेली की पुढची चार महिन्यांनी. प्रवाशांच्या प्रकृतीच्या तपासण्यांची मुदत संपेल, पुन्हा कराव्या लागतील, आणि त्या बसवाल्या बाई गेल्या खेपेलाच काठावर पास झाल्या होत्या. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने कुपीचा विचार केला होता, कापडाचा केला होता, एका माणसाची आयुष्यभराची एकच खेप आपण हिरावून घेऊ शकतो, हा विचार तिच्या भीतीच्या यादीत नव्हताच, आणि भीतीच्या यादीत नसलेलं काही निघावं याचंच तिला आधी नवल वाटलं. कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी कुणीतरी पायाखाली होतं. फूटपट्टी शांतपणे विचारत होते, क्लिप आत आहे असं तुला वाटतंय की माहीत आहे? वाटतंय, ती म्हणाली. तुला बरंच काही वाटतं, ते म्हणाले, टोमणा म्हणून नव्हे. उद्या ती घरात सापडली तर?

"सापडली तरी," ती म्हणाली, "मी रूळ फिरवला नव्हता. क्लिपचं मला वाटतंय. हे माहीत आहे. मी झालं म्हटलं, आणि झालं नव्हतं."

दारातून ताई म्हणाल्या, "आणि मी वर बघितलं नव्हतं. खूण माझी आहे."

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. उड्डाण पुढे गेलं, वर्तमानपत्रात तांत्रिक कारण असं आलं. तिला समज मिळाली, ताईंच्या तीस वर्षांच्या कोऱ्या नोंदीत एक ओळ चढली. गाठोडं परत आलं, टेबलावर ठेवलं आणि दोघींनी ते उलट क्रमाने सोडवलं, चारशे बारापासून मागे. दाबलेलं कापड सुटलं की हळूहळू श्वास घेतं. एकेक चुणी फुगत वर यायची. तीन दिवस. तळहाताने इंच न् इंच चाचपलं. कापड संपलं, टेबल दिसलं. काही नव्हतं. ना क्लिप, ना केस, ना रेघ. फूटपट्टी म्हणाले, छान, आणि निघून गेले. नवऱ्याने रात्रीच्या जेवणाला तिच्या ताटात आधी वाढलं आणि विषय काढला नाही. गॅस बंदच होता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण काही नव्हतं, याचा अर्थ आता ती क्लिप कुठेही असू शकत होती. पहिल्या गाठोड्यात, दुसऱ्या गाठोड्यात, बसच्या सीटखाली, रस्त्यावर. एका दाराचं कुलूप निघालं होतं, आणि दार उघडलं ते पुढच्या खोलीत. पहिली दोन गाठोडी त्या मंगळवारच्या आधीच बांधून झाली होती, हे तिला माहीत होतं. तारखा तिने पाठ केल्या होत्या. पाठ करूनही ती त्या रोज म्हणत होती.

ताई तिच्याशी कागदावरच्या ओळींपलीकडे एक शब्द बोलत नव्हत्या. तरी तिसरी छत्री पुन्हा बांधायला दोघींनाच उभं राहावं लागणार होतं, त्या कापडावर नाव असलेली जोडी तीच होती. बांधणी सुरू व्हायच्या सकाळी हॉलच्या काचेपलीकडे बसवाल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. फूटपट्टींनी परवानगी दिली होती. दारापाशी गाठ पडली तेव्हा बाईंनी हात पुढे केला नाही. तपासणी पुढच्या महिन्यात आहे, म्हणाल्या, पास झाले तर झाले. "मला राग आलाय तुमचा. बरा होईपर्यंत राहू द्या." मग तो बारीक डोळा तिच्या तोंडावर ठेवून त्यांनी विचारलं, तेव्हा हसलात ते हे माहीत असताना का? हो, ती म्हणाली. बाईंनी मान हलवली, चाकाला लाथ मारल्यावर बद्द आवाज आला की हलवावी तशी, पण गेल्या नाहीत. काचेपलीकडे जाऊन स्टुलावर बसल्या.

दार मिटलं. ताईंनी कागद घेतला. अंगठी काढली. झालं. घड्याळ काढलं. झालं. ताई आता दर ओळीला मान वर करून बघत होत्या, चष्मा नाकावर. झगा, या वेळी लांब बाह्यांचा. टोपी. झालं. "चिकट रूळ अंगावरून फिरवला?" तिने खुंटीवरून रूळ काढला, दंडावरून, छातीवरून, पाठीमागून, पायांवरून फिरवला आणि उजेडात धरून बघितला. कागदावर एक केस चिकटला होता, वीतभर, मऊ, तपकिरी. मुंगीचा. सकाळी विंचरताना आला असणार. एवढासा तो, आणि त्याने ती सगळी सकाळ सोबत आणली होती, आरसा, वाफ, ओढतंय. तिने कागद फाडून टोपलीत टाकला. पुन्हा फिरवला. कागद कोरा निघाला. त्या मंगळवारीही तो असाच कोरा होता. काचेपलीकडे बाई बघत होत्या, टेबलावर कापड वाट बघत होतं. जिभेवर तो शब्द तयार होता, इतका गुळगुळीत झालेला की ओठ उघडले तरी घसरून बाहेर पडला असता.

"रूळ फिरवला?" ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली आणि रूळ पुन्हा दंडाला लावला.

ताईंनी तिच्याकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं आणि कागद छातीशी धरून त्या वाट बघत उभ्या राहिल्या.